फॉर्मॅट मारण्याआधी

जुना कॉम्प्युटर अडला की आपल्याकडे सल्ला ठरलेला आहे: फॉर्मॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका. मशीन हँग होतंय, आपोआप रीस्टार्ट होतंय, निळी स्क्रीन येतेय किंवा नुसतंच हळू चाललंय, तक्रार कोणतीही असो, उपाय तोच. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी दुरुस्त्या देणं थांबवलं. मधल्या साडेबारा वर्षांत हा सल्ला इतका रुजला की दुरुस्ती म्हणजेच फॉर्मॅट, असं समीकरण होऊन बसलं. एक्सपी अजून पुरती गेलेली नाही. छापखान्यातला डीटीपीचा जुना संच, वजनकाट्याला जोडलेलं मशीन, कारखान्यातल्या एखाद्या यंत्राचा कॉम्प्युटर अशा ठिकाणी ती आजही भेटते, आणि घरातल्या माळ्यावरच्या सीपीयूत जुने फोटो नि हिशेब असतात ते वेगळंच. तेव्हा विषय शिळा नाही. फॉर्मॅट हा काही वेळा योग्य उपाय असतो, पण ते निदान कधीच नसतं, आणि निदानाआधी तो मारला तर पुढे निदान करायची सोयही उरत नाही. पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार आहे.

एक्सपी सुरू होते ती एका साखळीने. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं बायॉस रॅम आणि इतर भाग तपासतं आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधला, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमधला, छोटासा कोड उचलतं. तो कोड चालू पार्टिशनच्या बूट सेक्टरकडे जातो, बूट सेक्टर ‘एनटीएलडीआर’ नावाची फाइल शोधतो, आणि ही फाइल ‘बूट डॉट आयएनआय’ वाचून विंडोज कुठल्या डिस्कवर, कुठल्या पार्टिशनमध्ये आहे ते ठरवते. मग कर्नल, रजिस्ट्रीचा ‘सिस्टिम’ हा भाग आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर मेमरीत येतात, आणि तेव्हा कुठे लॉगिनचा पडदा दिसतो. साखळी कुठे तुटली ते स्क्रीनवरचा मजकूर बऱ्यापैकी सांगत असतो. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असं आलं म्हणजे विंडोज उडाली असं धरून चालतात. पण फ्लॉपी किंवा पेन ड्राइव्ह आत राहिला असेल, किंवा मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपून बायॉस बूटचा क्रम विसरलं असेल, तरी हाच संदेश येतो. घड्याळ दर वेळी जुनीच तारीख दाखवत असेल तर संशय थेट त्या सीआर २०३२ सेलवर घ्यावा. निळ्या स्क्रीनवरचे आकडेही असेच बोलके असतात. शेवटी ‘ईडी’ असलेला कोड म्हणजे विंडोजला आपलं पार्टिशन उघडता आलं नाही, आणि ‘७बी’ म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच हाताशी लागली नाही. दोन्ही वेळा फाइली जागच्या जागी असू शकतात. अडचण एवढीच की एक्सपी निळी स्क्रीन आल्या आल्या रीस्टार्ट होते आणि आकडे वाचायच्या आत नाहीसे होतात. मशीन सुरू होताना एफ८ दाबल्यावर येणाऱ्या यादीत हे आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायचा पर्याय आहे. दुरुस्तीची सुरुवात तिथून व्हायला हवी, पण तो पर्याय फारसा कुणी वापरताना दिसत नाही.

त्याच यादीत सेफ मोड आणि ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ असतात, आणि दोन्हींचा उपयोग निदानासाठीही होतो. सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल तर कर्नल, रजिस्ट्री आणि डिस्क ढोबळमानाने शाबूत आहेत. दोष ड्रायव्हरमध्ये किंवा सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये शोधावा. ‘लास्ट नोन गुड’ ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस यांच्या मागच्या यशस्वी लॉगिनच्या वेळच्या नोंदी परत आणतं, वापरकर्त्याच्या कागदपत्रांना हात लावत नाही. त्याची मेख अशी की नवा ड्रायव्हर टाकल्यावर एकदा जरी नीट लॉगिन झालं तरी ती बिघडलेली स्थितीच ‘गुड’ म्हणून नोंदली जाते. म्हणजे हा पर्याय पहिल्या फटक्यात वापरायचा असतो. चार वेळा बंद-चालू करून मग नव्हे.

रजिस्ट्री खराब झाल्याचा संदेश महाराष्ट्रात ज्यांनी २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं काढली त्यांना नवा नसावा. वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, आणि नेमक्या त्या क्षणी रजिस्ट्रीची फाइल लिहिली जात असली की पुढच्या वेळी विंडोज ‘सिस्टिम’ फाइल नाही किंवा खराब आहे असं सांगून थांबते. एनटीएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या नोंदींचा रोजनामा ठेवते म्हणून सांगाडा वाचतो, पण फाइलीतल्या मजकुराची हमी ती देत नाही. विंडोज ९८ वरून आलेल्या, फॅट३२ वर चालणाऱ्या मशीनला तर रोजनाम्याचंही संरक्षण नाही. अशा वेळी फॉर्मॅटची गरज क्वचितच असते. एक्सपी बसवली त्या दिवशीची रजिस्ट्री विंडोजच्या ‘रिपेअर’ फोल्डरमध्ये असते आणि अलीकडच्या प्रती सिस्टिम रिस्टोअरच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून आधी जुनी प्रत बसवायची, मशीन कसंबसं सुरू करायचं आणि मग अलीकडची प्रत जागेवर ठेवायची. काम किचकट आहे, एकेक फाइल टाइप करून हलवावी लागते. मात्र प्रोग्राम आणि वापरकर्त्याची सगळी मांडणी जशीच्या तशी परत मिळते.

फॉर्मॅटची सवय सगळ्यात जास्त नुकसान करते ते दोष विंडोजमध्ये नसून लोखंडात असतो तेव्हा. रॅमची एखादी पट्टी खराब असेल तर निळी स्क्रीन दर वेळी वेगळं कारण सांगते, आज एक फाइल, उद्या दुसरी. दुकानात पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसतात, त्याला हसायचं कारण नाही. पुष्कळदा दोष खरोखर त्या संपर्कातच असतो. तेवढ्याने भागलं नाही तर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवून खात्री करता येते. वीज पुरवणारा एसएमपीएस दमला असेल तर डिस्क आणि सीडी एकदम फिरू लागल्या की मशीन रीस्टार्ट होतं. शिवाय एक्सपीच्या ऐन काळातल्या, म्हणजे २००० नंतरच्या काही वर्षांतल्या, पुष्कळ मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या आजूबाजूच्या नळकांड्यांची डोकी पाहावीत. ती सपाट असायला हवीत. फुगलेली दिसली किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरलेला दिसला, तर विंडोज कितीही वेळा टाकली तरी मशीन स्थिर होणार नाही. अशा मशीनवर एक्सपी बसवताना ‘फाइल कॉपी करता येत नाही’ असा संदेश मध्येच येतो आणि सीडीला चरे पडले असावेत म्हणून दुसरी सीडी आणली जाते. सीडी कधीकधी दोषी असतेही. पण दोन चांगल्या सीड्या वेगवेगळ्या फाइलींवर अडत असतील तर रॅमकडे वळावं. तोवर जुनी विंडोज गेलेली असते आणि नवी आलेली नसते.

फॉर्मॅटचे समर्थक इथे एक मुद्दा मांडतात आणि तो टाळण्यासारखा नाही: फॉर्मॅट केल्यावर मशीन खरोखर झपाट्याने चालू लागतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे, मग तो खोटा कसा म्हणायचा? अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर डिस्कशी बोलताना होणाऱ्या चुका मोजतो. टाइमआउट किंवा सीआरसीच्या चुका मिळून सहा झाल्या की तो देवाणघेवाणीचा वेग एक पायरी उतरवतो, आणि चुका होतच राहिल्या तर उतरत उतरत पीआयओ मोडपर्यंत येतो. अल्ट्रा डीएमए मोड ५ ची कमाल सेकंदाला १०० मेगाबाइट, पीआयओ मोड ४ ची जेमतेम १६.७, शिवाय पीआयओमध्ये प्रत्येक बाइट वाहायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. मग माउसही अडखळतो, गाणं तुटत तुटत वाजतं, आणि ‘विंडोज जुनी झाली’ असा निकाल लागतो. फॉर्मॅट मारून नवी विंडोज टाकली की मोजणी शून्यावर येते, वेग परततो, सगळे खूश. ज्या सैल केबलमुळे किंवा मरणपंथाला लागलेल्या डिस्कमुळे चुका होत होत्या ती मात्र तिथेच असते, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. खरं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये चालू मोड सरळ लिहिलेला असतो. पीआयओ दिसला तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करायचं, की विंडोज त्याला नव्याने ओळखते आणि वेग परत येतो. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर केबल बदलायची आणि मोड पुन्हा घसरतो का ते पाहायचं. घसरला तर इशारा डिस्ककडे आहे.

डिस्कच्या बाबतीत उशीर महागात पडतो, याला मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आहे. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कने स्वतःच्या तपासणीत पहिली चूक नोंदवली की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी: बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांनी डिस्क स्वतःच ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतल्या महत्त्वाच्या चारांपैकी एकाही नोंदीतून पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे नोंदीत दोष दिसला तर डिस्क बदलावी, पण नोंद स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हाच धागा पुढे नेला तर ‘आधी चेकडिस्क चालवा’ हा सल्लाही जपून घ्यावा लागतो. चेकडिस्कला ‘आर’ जोडला की ती डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते आणि फाइलींच्या नोंदी दुरुस्त करायला घेते. वीज गेल्याने गोंधळलेल्या निरोगी डिस्कवर ही रामबाण आहे, पण टकटक आवाज करणाऱ्या डिस्कवर तोच शेवटचा घाव ठरू शकतो. तिथे डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी, आधी डेटा उचलावा, बाकी सगळं नंतर.

डेटा उचलताना कुठे काय असतं हे ठाऊक नसेल तर बॅकअप घेऊनही हात रिकामे राहतात. बहुतेक जण ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप कॉपी करतात आणि काम झालं म्हणतात. आउटलुक एक्सप्रेसची सगळी पत्रं मात्र ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या पोटात, लपवलेल्या ‘लोकल सेटिंग्ज’मध्ये डीबीएक्स फाइलींत असतात, आणि पत्त्यांची वही आणखी वेगळ्या फोल्डरात. दुकानाचा टॅलीचा डेटा बहुधा टॅलीच्याच फोल्डरात, म्हणजे ‘प्रोग्राम काय, पुन्हा टाकता येईल’ म्हणून सोडून दिलेल्या जागी. मराठी डीटीपीच्या फाइलींचं दुखणं त्याहून खोल आहे. श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. नेमका तोच फाँट गेला तर पेजमेकरच्या फाइलीत वर्षानुवर्षांचा मजकूर असतो, दिसतो मात्र रोमन खिचडी. म्हणून फाँटचं फोल्डर आधी उचलावं. आणि एक्सपी प्रोफेशनलवर कुणी फोल्डर एन्क्रिप्ट करून ठेवला असेल, तर त्याची किल्ली वापरकर्त्याच्या खात्यात असते. ती वेगळी काढून न ठेवता फॉर्मॅट केला तर फाइली कॉपी करून ठेवलेल्या असल्या तरी त्या उघडणार नाहीत. नव्या विंडोजमध्ये त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं उघडूनही उपयोग होत नाही.

दुकानदाराचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो मला रास्त वाटतो. निदानाला दोन-तीन तास जातात, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. फॉर्मॅटला लागणारा वेळ आधी सांगता येतो, आणि बसवलेल्या विंडोजची तयार इमेज असली तर तेवढाही लागत नाही. पण फॉर्मॅट आणि निदान यांच्या मध्ये एक वाट आहे, आणि तिच्याकडे केवळ एका कळीच्या घोळामुळे दुर्लक्ष होतं. एक्सपीच्या सीडीवरून मशीन सुरू केलं की पहिल्या निळ्या पडद्यावर ‘आर’ दाबायचा पर्याय दिसतो. दुरुस्ती हवी म्हणून माणूस तो दाबतो आणि रिकव्हरी कन्सोलच्या काळ्या पडद्यावर येऊन अडकतो. खरी दुरुस्ती दुसऱ्या ‘आर’मध्ये आहे. पहिल्या पडद्यावर एंटर दाबायचं, करारावर एफ८, मग सीडी जुनी विंडोज शोधून तिचं नाव दाखवते आणि तिथे ‘आर’ दाबायचा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली नव्याने बसतात. प्रोग्राम, खाती आणि कागदपत्रं राहतात. सीडीने जुनी विंडोज दाखवलीच नाही आणि थेट पार्टिशनची यादी समोर आली, तर मात्र पुढे न जाता थांबावं, कारण तिथून पुढचं एंटर वेगळ्या रस्त्याला लागतं. अटी आहेतच: सीडी त्याच आवृत्तीची आणि शक्यतो त्याच सर्व्हिस पॅकची हवी, आणि इंटरनेट एक्सप्लोररची सीडीवरल्याहून नवी आवृत्ती टाकलेली असेल तर ती आधी काढलेली बरी.

मग फॉर्मॅट कधी? मशीनमध्ये खोलवर शिरलेला व्हायरस असेल, विशेषतः कर्नलपासून स्वतःला लपवणारा, तर साफसफाईवर भरवसा ठेवण्यापेक्षा डिस्क पुसणं शहाणपणाचं. इथे फॉर्मॅटवाले बरोबर आहेत. पण व्हायरसच्याच बाबतीत आंधळेपणाने टाकलेली विंडोज कशी अंगाशी येते, हे ऑगस्ट २००३ मध्ये दिसलं. ब्लास्टर हा वर्म एक्सपीच्या आरपीसी सेवेतल्या भोकातून शिरायचा आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी लागून मशीन रीस्टार्ट व्हायचं. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. ज्यांनी वैतागून फॉर्मॅट मारला त्यांनी २००१ च्या सीडीवरून तेच भोक पुन्हा उघडं केलं, आणि दुरुस्ती उतरवून घ्यायला नेट जोडलं की ती उतरायच्या आत वर्म हजर. एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू राहू लागली. सीडीचं वय डिस्कलाही भोवतं. सर्व्हिस पॅक १ च्या आधीची एक्सपी १३७ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाही. मोठ्या डिस्कवर ती टाकली तर नुसती जागा कमी दिसून भागत नाही, आधीचा डेटाही खराब होऊ शकतो. आणि नंतरच्या साटा डिस्कांचा एएचसीआय ड्रायव्हर तिच्याजवळ मुळातच नाही. एफ६ दाबून फ्लॉपीवरून तो दिला नाही, किंवा बायॉसमध्ये डिस्कला आयडीई मोडवर ठेवलं नाही, तर बसवायच्या वेळीच ७बी पुढे येतो. म्हणून टाकायचीच असेल तर २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ सह तयार केलेली सीडी घ्यावी, मदरबोर्डचे ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत आणि काम संपेपर्यंत नेटची केबल काढून ठेवावी.

मराठी वापरणाऱ्याला यानंतर आणखी एक पायरी करावी लागते. नव्या एक्सपीत मंगल फाँट असतो, पण अक्षरं जोडायची सोय चालू नसते. युनिकोड मजकूर उघडला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी सुटी दिसतात. यालाही विंडोज पुन्हा टाकणारे लोक असत. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची चौकट खूण करून चालू करायची असते, मग ती विंडोजची सीडी मागते. म्हणजे बसवून झाली तरी सीडी दुकानात परत देऊ नये.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार: २०१४ नंतर दुरुस्त्याच मिळत नाहीत अशी विंडोज वाचवायचीच कशाला? रोजच्या वापरासाठी, बँकेच्या व्यवहारांसाठी, नेटसाठी वाचवू नये, यात दुमत नसावं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा वर्म पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली खरी, पण ती अपवाद म्हणून. वाचवायचं असतं ते तिच्यावरचं काम: जुना डेटा आणि तो उघडणारा जुना प्रोग्राम. त्यासाठी अख्ख्या डिस्कची इमेज करून नव्या मशीनमधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती चालवणं हा माझ्या मते आजचा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि त्यासाठीसुद्धा मूळ विंडोज फॉर्मॅट न होता शिल्लक असावी लागते. पहिल्यांदा सुरू करताना ७बी आला तर घाबरू नये. व्हर्च्युअल मशीनची डिस्क आयडीई म्हणून जोडली की तो बहुधा जातो. ॲक्टिव्हेशन मात्र नवं हार्डवेअर पाहून पुन्हा होऊ पाहतं. खरी आडकाठी येते ती प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणाऱ्या हार्डवेअर लॉकची, कारण व्हर्च्युअल मशीनला ते लॉक सहसा दिसत नाही. त्या प्रोग्रामसाठी जुनं मशीनच राखावं लागतं: नेटपासून तोडलेलं, सेल बदललेलं, डिस्कची इमेज दुसरीकडे ठेवलेलं, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतोय तोवर आणून ठेवलेल्या एका जादा एसएमपीएससह.